जुनी सुपरचार्ज्ड गाडी घेऊन ट्यून करायची आहे? आधी काय करावं, नंतर काय, आणि काय टाळावं

"लहान पुली बसव, रीमॅप करून घे, गाडी उडेल!" सुपरचार्जर असलेली सेकंड हँड गाडी घेतली की हा सल्ला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी देतं. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. पुली बदलायला एक दुपार पुरते आणि तिला खर्चही फार येत नाही. मात्र ज्या इंजिनावर ती बसते ते वीस वर्षांचं असतं, आणि वाढलेल्या दाबाचा सगळा भार त्या वीस वर्षांच्या रबरावर, बेअरिंगवर आणि पाण्याच्या पंपावर पडतो.

म्हणून या लेखात अपग्रेडची नुसती यादी न देता त्यांचा क्रम समजून घेऊ. उदाहरण म्हणून एकच गाडी घेऊ: २००२ ते २००६ या काळातली मिनी कूपर एस, म्हणजे चाहत्यांच्या भाषेत "आर ५३". ब्रिटन किंवा अमेरिकेत राहत असाल तर ही गाडी वापरलेल्या बाजारात अजूनही दिसते. तत्त्वं मात्र कुठल्याही सुपरचार्ज्ड पेट्रोल गाडीला लागू होतात.

## सुपरचार्जर म्हणजे नेमकं काय?

इंजिनाची ताकद शेवटी एका गोष्टीवर ठरते: दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये किती हवा गेली. हवा जास्त गेली तर पेट्रोल जास्त जाळता येतं. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावरच भागवतं. सुपरचार्जर हा हवा ढकलणारा पंप आहे. तो क्रँकशाफ्टच्या पुलीवरून बेल्टने फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो. वातावरणापेक्षा जो जास्तीचा दाब तयार होतो त्याला "बूस्ट" म्हणतात.

टर्बो हेच काम एक्झॉस्टच्या वायूंवर करतो, त्यामुळे त्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो. सुपरचार्जर बेल्टने थेट इंजिनाला जोडलेला असल्यामुळे पाय दाबताच प्रतिसाद मिळतो. याची किंमत अशी की त्याला फिरवायला इंजिनाचीच थोडी ताकद खर्च होते.

मिनीत जो सुपरचार्जर आहे तो "रूट्स" प्रकारचा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे भाऊ. त्यांच्या १८६० च्या पेटंटवरून हे नाव पडलं. दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि हवेचा घास एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. लक्षात ठेवायची गोष्ट ही की रूट्स पंप स्वतःच्या आत हवा दाबत नाही, फक्त पुढे सरकवतो. दाब तयार होतो तो पुढे इंजिनाच्या तोंडाशी हवेची गर्दी झाल्यामुळे. रचना साधी आणि टिकाऊ आहे, पण हवा बरीच गरम होते. पुढचं सगळं गणित या उष्णतेभोवती फिरतं.

## उदाहरणाची गाडी: मिनी कूपर एस (आर ५३)

बीएमडब्ल्यूने नवी मिनी ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यात बनवायला सुरुवात केली, तेव्हा कूपर एससाठी हे इंजिन निवडलं:

- इंजिन: १५९८ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, ओतीव लोखंडाचा ब्लॉक. "ट्रायटेक" या नावाने ओळखलं जाणारं हे इंजिन ब्राझीलमध्ये बनायचं. तो कारखाना क्रायस्लरबरोबरच्या भागीदारीतला होता.
- सुपरचार्जर: ईटन एम ४५
- इंटरकूलर: हवेने थंड होणारा, इंजिनाच्या डोक्यावर, बोनेटवरच्या खाचेखाली
- गिअरबॉक्स: ६ स्पीड मॅन्युअल
- ताकद: सुरुवातीला १६३ पीएस आणि २१० न्यूटन-मीटर, २००४ च्या मध्यापासून १७० पीएस आणि २२० न्यूटन-मीटर, शिवाय गिअरचे रेशो थोडे आखूड

यानंतरच्या पिढीत मिनीने सुपरचार्जर सोडून टर्बो घेतला. म्हणजे आज बाजारात असलेली प्रत्येक आर ५३ सुमारे दोन दशकांची आहे. जाहिरातीत "लो मायलेज" लिहिलेलं असलं तरी रबर, सील आणि प्लॅस्टिक यांचं वय किलोमीटरवर ठरत नाही, वर्षांवर ठरतं.

## थोडं गणित: पुली लहान केली की काय होतं?

एम ४५ मधला ४५ हा आकडा घन इंचांचा आहे. सुपरचार्जर एका फेऱ्यात सुमारे ७३७ सीसी हवा सरकवतो. क्रँक एकदा फिरला की सुपरचार्जर ढोबळमानाने दोनदा फिरतो असं धरू.

- इंजिन फोर-स्ट्रोक आहे, म्हणून एका फेऱ्यात त्याला हवा लागते १५९८ ÷ २ = ७९९ सीसी.
- सुपरचार्जर देतो ७३७ × २ = १४७४ सीसी.
- म्हणजे इंजिनाच्या भुकेच्या सुमारे १.८५ पट.

आता १५ टक्के लहान पुली बसवली. इथे बरेच जण फसतात. व्यास १५ टक्के कमी झाला की वेग १५ टक्के वाढत नाही, तो १ ÷ ०.८५ म्हणजे साधारण १७.६ टक्के वाढतो. १९ टक्के लहान पुलीला हाच आकडा २३.५ टक्के होतो. इंजिन ६५०० आरपीएमवर असताना मूळ पुलीवर सुपरचार्जर १३,००० आरपीएमने फिरत असेल, तर १५ टक्केवाल्या पुलीवर तो १५,३०० आणि १९ टक्केवालीवर १६,००० च्या वर जातो.

हवेचं प्रमाण १.८५ वरून सुमारे २.१७ पटीवर जातं. बूस्ट मूळ ०.८ बारच्या आसपास असतो, तो एक बारच्या आसपास पोचतो. गाडी नक्कीच जोरात पळते. मग अडचण काय?

## बिल येतं उष्णतेच्या रूपात

हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना पंपाचं तोंड गरम लागतं, तेच इथेही होतं. बाहेर २७ अंश सेल्सियस तापमान असेल, दाब १.८ पट होत असेल आणि पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी हवा हिशेबाने १२५ अंशांच्या आसपास असते. दाब दुपटीच्या थोडा वर नेला आणि वेग वाढल्यामुळे कार्यक्षमता जराशी घसरली, तर तीच हवा १५० अंशांच्या पुढे जाते.

गरम हवा विरळ असते. त्यामुळे गेज दाब वाढलेला दाखवतं, पण सिलिंडरमध्ये ऑक्सिजन त्या प्रमाणात वाढत नाही. दुसरा धोका जास्त गंभीर आहे: नॉक. गरम मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता स्वतःच पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा झटका बसतो. इंजिनातला नॉक सेन्सर हे ऐकतो आणि ईसीयू ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचतं, पण ताकद जाते.

म्हणूनच उन्हाळ्याच्या दुपारी, ट्रॅफिकमध्ये उभी राहून तापलेली लहान पुलीची मिनी कधी कधी मूळ गाडीपेक्षाही मंद वाटते. मालकाला वाटतं पुली खराब निघाली. खरं तर गाडी स्वतःला वाचवत असते.

## विकत घेण्याआधीची तपासणी

ट्यूनिंगचा अर्धा निकाल गाडी निवडतानाच लागतो. विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना जे आवाज येतात ते पाच मिनिटांनी लपतात.

१. सुपरचार्जरचा आवाज. वेग वाढवताना येणारी बारीक शिट्टी या गाडीची ओळखच आहे. पण गाडी जागेवर चालू असताना डब्यात गोट्या हलवल्यासारखी खडखड येत असेल तर सावध व्हा.

२. पाण्याचा पंप. आर ५३ मधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. या गाडीत पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या मागच्या टोकाच्या गिअरवर फिरतो. त्या गिअरला स्वतंत्र, थोडंसं तेल असतं. ते आटलं की दातरे झिजतात, शेवटी पंप थांबतो आणि इंजिन तापून हेड गॅस्केट जातं. सुपरचार्जरचं तेल कधी बदललं, याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरा.

३. क्रँकची पुली. धातूच्या दोन भागांमध्ये रबर असलेली ही पुली आहे. रबर सुटलं की बाहेरची कडी डुगडुगते. इंजिन चालू असताना टॉर्च मारून बेल्टकडे बघा.

४. पॉवर स्टिअरिंगचा पंप. हा विजेवर चालतो, इंजिनाच्या मागे खाली असतो आणि त्याला थंड करणारा छोटा पंखा रस्त्यावरच्या कचऱ्याने अडकतो. पंप रडल्यासारखा आवाज करत असेल तर त्याचा खर्च किमतीतून वजा करा.

५. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर. प्लॅस्टिकच्या टाकीच्या जोडावर पांढरट डाग दिसले तर गळती आहे.

६. तेलाची गळती. क्रँक सेन्सरची ओ-रिंग, ऑइल फिल्टरच्या घराचं गॅस्केट आणि सम्पचं गॅस्केट ही नेहमीची ठिकाणं.

७. पुढच्या स्ट्रटचे टॉवर. खड्ड्यांमुळे बोनेटखालच्या स्ट्रटभोवतीचा पत्रा वर फुगतो. डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करा.

८. आधीचं ट्यूनिंग. मूळ पुली आहे की आधीच बदललेली? बेल्टची लांबी वेगळी आहे का? "फक्त एअर फिल्टर बदललाय" असं सांगितलेल्या गाडीत १९ टक्के पुली निघू शकते. जॉन कूपर वर्क्स गाडीत तर कारखान्यातूनच लहान पुली येते. त्यामुळे "अजून १५ टक्के" हा हिशेब तिला जसाच्या तसा लावू नका.

## पहिला टप्पा: गाडीची तब्येत

गाडी घरी आली. आता सहा महिने वेगवान पार्टचं नाव काढू नका. आधी ही कामं करा.

सुपरचार्जरचं तेल दोन ठिकाणी असतं: पुढच्या नाकाडात आणि मागच्या गिअरच्या घरात. दोन्ही बदलायची. बरेच अनुभवी मेकॅनिक साधारण १ लाख किलोमीटरला हे काम सुचवतात. त्यासाठी पुढचा बंपर आणि त्यामागचा आडवा दांडा काढून रेडिएटर पुढे सरकवावा लागतो. मजुरी इथेच जाते. म्हणून गाडी एकदा उघडली की पाण्याचा पंप, त्याची सील, जुने होज, बेल्ट, बेल्टचा टेन्शनर आणि क्रँक सेन्सरची ओ-रिंग हे सगळं त्याच वेळी उरका. पंपाचे पैसे वाचवून सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा भरण्यात अर्थ नाही.

याच वेळी स्पार्क प्लग, कूलंट, पूर्ण सिंथेटिक इंजिन ऑइल आणि ब्रेक फ्लुइड बदला. इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, बघा. तिथून बूस्ट गळत असेल तर नवी पुली गळकी बादली भरत राहील.

बायपास व्हॉल्व्हसुद्धा तपासा. हळू चालवताना हा व्हॉल्व्ह उघडा असतो, हवा गोल फिरत राहते आणि बूस्ट तयार होत नाही. पाय दाबला की तो बंद होतो. तो झिजला की हळू वेगात गाडी मागे-पुढे झटके देते. मालक लोक याला "यो-यो" म्हणतात. ट्यूनिंगने हा दोष जात नाही.

## दुसरा टप्पा: थांबणं आणि वळणं

ताकद वाढवण्याआधी ती सांभाळायची सोय करा. डिस्क, पॅड, ब्रेकचे होज, पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर वीस वर्षांचे असतील तर आधी ते बदला. फक्त नवे बुश आणि चांगले शॉक बसवले तरी जुनी मिनी इतकी बदलते की काही जणांची पुलीची घाई तिथेच संपते.

टायरबद्दल एक सूचना. कूपर एस कारखान्यातून रन-फ्लॅट टायरवर आली होती. हे टायर कडक आणि जड असतात. साधे चांगले टायर घातले तर गाडी मऊ चालते, स्ट्रट टॉवरवरचा मारही कमी होतो. पण या गाडीत स्टेपनी नाही. पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेवल्याशिवाय हा बदल करू नका.

## तिसरा टप्पा: आधी मोजा

डॉक्टर रक्त तपासल्याशिवाय डोस वाढवत नाही. इथेही तसंच.

- कॉम्प्रेशन टेस्ट: चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादा बराच कमी असेल तर ट्यूनिंग तिथेच थांबवा.
- ओबीडी लॉगिंग: स्वस्त ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं अॅप चालेल. आत येणाऱ्या हवेचं तापमान, ठिणगीची वेळ, कूलंटचं तापमान आणि फ्युएल ट्रिम नोंदवा. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून केलेली एक धाव पुरते, पण ती ट्रॅकवर किंवा डायनोवर. सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नाही.
- डायनो: बदलाआधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच डायनोवर. चाकावरची ताकद आणि क्रँकवरची ताकद हे दोन वेगळे आकडे आहेत. कारखाना १६३ किंवा १७० सांगतो ते क्रँकवरचे. चाकावर कमीच येणार, म्हणून घाबरू नका. दोन वेगवेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी लावूही नका.

## चौथा टप्पा: थंडावा आणि पुली, दोन्ही एकत्र

आता पुली. रोज रस्त्यावर वापरायच्या गाडीला १५ टक्के हा सगळ्यांत रुळलेला पर्याय आहे. गाडी सुदृढ असेल तर त्यातून साधारण १५ ते २० पीएसची वाढ अपेक्षित ठेवावी. तिच्यासोबत ही कामं करावीच लागतात:

- आखूड बेल्ट. मूळ बेल्ट ठेवला तर टेन्शनर शेवटपर्यंत ताणला जातो आणि बेल्ट घसरतो.
- एक पायरी थंड स्पार्क प्लग. हे प्लग उष्णता लवकर बाहेर टाकतात, नॉकचा धोका कमी होतो.
- योग्य पुलर. जुनी पुली दाबून बसवलेली असते. हातोडीने ठोकून काढली तर सुपरचार्जरच्या नाकाडातलं बेअरिंग मार खातं. तो आवाज महिनाभराने ऐकू येतो आणि दोष पुलीला दिला जातो.
- जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. ब्रिटनमध्ये ९७ ते ९९ आरओएनचं सुपर अनलेडेड. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात; तिथलं ९१ हे साधारण ९५-९६ आरओएनच्या बरोबरीचं असतं. म्हणून ब्रिटनमधला रीमॅप अमेरिकेत तसाच घालू नये.

इंटरकूलरच्या बाबतीत आधी फुकटातलं काम करा. बोनेटची खाच आणि इंटरकूलर यांच्यामधलं फोमचं सील जुनं होऊन चुरतं, आणि बाहेरची हवा पंखांतून जाण्याऐवजी बाजूने निसटते. ते सील बदला, वाकलेले पंख सरळ करा. त्यानंतर जास्त जाडीचा, मोठा इंटरकूलर घ्या. पुन्हा लॉग काढा. पुली बसल्यावरही लागोपाठ तीन धावांत हवेचं तापमान आटोक्यात राहत असेल तर काम झालं.

१७ की १९ टक्के? कागदावर फरक छोटा दिसतो. पण एम ४५ जसजसा जास्त वेगाने फिरतो तसतशी त्यातून वाढणारी हवा कमी आणि वाढणारी उष्णता जास्त होते. बेल्ट, बेअरिंग आणि तो पाण्याचा पंप, सगळेच त्या वेगाने फिरतात. जास्त हवी असेल तर शेवटी सुपरचार्जरच बदलावा लागतो. ईटनच्याच टीव्हीएस प्रकारात तीनऐवजी चार पाकळ्यांचे, जास्त पिळाचे रोटर असतात आणि तो तेवढ्याच दाबाला हवा कमी तापवतो. पण तो खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

## पाचवा टप्पा: इंधन आणि रीमॅप

आर ५३ चा ईसीयू हवेचं प्रमाण मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ठरवतो. त्यामुळे १५ टक्के पुली तो बऱ्यापैकी सांभाळून घेतो, रीमॅपशिवायही गाडी चालते. पण "चालते" आणि "नीट ट्यून झाली आहे" यांत फरक आहे.

इंधनाची मर्यादा कुठे येते ते बघू. मूळ इंजेक्टर प्रत्येकी मिनिटाला साधारण ३३० सीसी पेट्रोल देतात. ते ८५ टक्के वेळ उघडे राहिले तर चौघे मिळून सुमारे ११२० सीसी, म्हणजे तासाला जवळपास ५० किलो पेट्रोल. सुपरचार्ज्ड इंजिनाला एका किलोवॉट-तासाला साधारण ०.३३ ते ०.३४ किलो पेट्रोल लागतं असं धरलं, तर उत्तर येतं सुमारे १५० किलोवॉट, म्हणजे २०० पीएसच्या आसपास. याच्या वर जायचं तर इंजेक्टर मोठे हवेत. जॉन कूपर वर्क्सवाल्या गाडीतले ३८० सीसीचे इंजेक्टर हा नेहमीचा पर्याय.

इंजेक्टर बदलले की रीमॅप ऐच्छिक राहत नाही. ईसीयूला नवा आकार कळला नाही तर मिश्रण चुकतं. पेट्रोल कमी पडून मिश्रण लीन झालं की पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

रीमॅप करणाऱ्याला हे प्रश्न विचारा: वाइडबँड सेन्सर लावून मिश्रण मोजणार का? नॉक कसा तपासणार? मूळ फाइल परत देणार का? उत्तर "आमच्याकडे तयार फाइल आहे, वीस मिनिटांत होईल" असं आलं तर दुसरा माणूस शोधा.

एक्झॉस्टमध्ये मधला आणि मागचा भाग बदलला तर आवाज जास्त बदलतो, ताकद थोडीशीच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरच राहू द्या.

## किती ताकद शहाणपणाची?

याचं उत्तर कारखान्यानेच देऊन ठेवलंय. जॉन कूपर वर्क्सची गाडी शेवटी २१० पीएसपर्यंत पोचली. २००६ ची जीपी, जी फक्त २००० बनवली गेली आणि जिची मागची सीटच काढून टाकली होती, ती २१८ पीएसची होती. पुली, हेड, इंजेक्टर, इंटरकूलर आणि मॅप हे सगळं एकत्र विचारात घेऊन, वॉरंटी देण्याच्या हिशेबाने अभियंते या आकड्यावर थांबले. रोज कामावर न्यायची गाडी २०० ते २१५ पीएसच्या आत ठेवली तर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिघांनाही झेपतं. त्याच्या वर गेलात तर क्लच आणि डिफरन्शियलचा खर्च मनात धरा.

## विमा आणि कायदा

ब्रिटन: प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवा, पुलीसुद्धा. लपवलेला बदल अपघातानंतर सापडला तर दावा नाकारला जाऊ शकतो. कारखान्यातून आलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला आढळला तर गाडी एमओटीमध्ये नापास होते.

अमेरिका: नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या पार्टला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाची मंजुरी लागते. पार्ट घेण्याआधी मंजुरीचा क्रमांक बघा.

भारत: मिनी भारतात अधिकृतपणे २०१२ साली आली, तोवर कूपर एसमध्ये टर्बो आला होता. त्यामुळे आर ५३ इथे जवळजवळ दिसत नाही. पण सुपरचार्जर दिसतो: पुण्यात जुळणी झालेल्या मर्सिडीज सी-क्लासच्या "कॉम्प्रेसर" गाड्या वापरलेल्या बाजारात आहेत. तब्येत, मोजमाप आणि थंडावा हे टप्पे तिथेही तसेच लागू होतात. ट्यूनिंगचं मात्र वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ बनावटीशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे अडकायचं नसेल तर इथे उत्तम देखभालीवर समाधान माना.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फक्त मोठा एअर फिल्टर लावला तर ताकद वाढेल का?
शिट्टीचा आवाज नक्की वाढेल. पण उघडा फिल्टर इंजिनाची गरम हवा ओढत असेल तर उलट तोटा. नीट बंद डबा असलेलाच घ्या.

सुपरचार्जरचं तेल "आयुष्यभराचं" आहे असं ऐकलंय.
आयुष्य कुणाचं, हा प्रश्न आहे. वीस वर्षं जुन्या गाडीत ते तपासायलाच हवं.

पुली मी घरी बदलू शकतो का?
पुलर, टेन्शनर मागे धरायचं हत्यार आणि संयम असेल तर हो. हत्यारं भाड्याने मिळतात, बेअरिंग मिळत नाही.

मायलेज कमी होईल का?
हळू चालवताना बायपास उघडा असल्याने फारसा फरक पडत नाही. पाय जड असेल तर पंपावर कळेलच.

## थोडक्यात

क्रम असा ठेवा: तपासणी, तब्येत, ब्रेक आणि टायर, मोजमाप, थंडावा आणि पुली, शेवटी इंधन आणि रीमॅप. बजेट मर्यादित असेल तर यादी खालून कापा, वरून नाही. पुलीशिवायची सुदृढ मिनी मजा देते. पुली असलेली पण पाण्याचा पंप मेलेली मिनी टो-ट्रकवर घरी येते.